मातीविना कुंडीत टोमॅटो: कोकोपीट चुकलं की माझं काही चुकतंय?

गच्चीवरची_वेल

नमस्कार. माझ्याकडे गच्चीवर वीस लिटरच्या बारा कुंड्या आहेत. आधी माती आणि शेणखत भरायचे. दोन हंगामांत माती दगडासारखी बसली, शिवाय गच्चीवर वजन नको म्हणून घरच्यांचा तगादा. म्हणून यंदा माती पूर्ण काढून टाकली. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) विटा पाण्यात भिजवल्या, फुगल्यावर त्यात साधारण एक तृतीयांश गांडूळखत मिसळलं आणि कुंड्या भरल्या. निचऱ्यासाठी तळाला दोन इंच खडी घातली आहे.

पहिला महिना रोपं छान वाढली. आता खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडतोय. पहिल्या घोसातल्या फळांच्या बुडाला काळे, दबलेले चट्टे आलेत. एक रोप तर मेलंच. मी रोज सकाळी पाणी घालून कामाला जाते, संध्याकाळी परत आले की वरचा थर कोरडा दिसतो म्हणून पुन्हा थोडं घालते.

पुढच्या वेळी काय भरू? परलाईट, व्हर्मिक्युलाईट, पीट अशी नावं वाचली, पण कशासाठी काय ते कळत नाही. इतक्या हौसेनं लावलेली रोपं अशी जाताना पाहवत नाहीत.

पांढरी_मुळी

ताई, तुमचा प्रश्न वाचून माझा पहिला हंगाम आठवला. ढोबळी मिरचीची चौदा रोपं होती. पिशवीवर ‘धुतलेले कोकोपीट’ असं छापलं होतं, मी विश्वास ठेवला. तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. नंतर ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजणारं यंत्र) आणून त्याच पिशवीतलं कोकोपीट भिजवलेलं पाणी तपासलं तेव्हा कळलं की त्यात मीठ भरपूर होतं. तेव्हापासून मी कुठलंही कोकोपीट, पिशवीवर काहीही लिहिलेलं असो, स्वतः धुतल्याशिवाय वापरत नाही.

पण नुसतं धुणंही पुरत नाही, आणि तुमची अडचण बहुधा इथेच आहे. नारळाच्या काथ्याच्या भुशात पोटॅशियम आणि सोडियम आधीपासून चिकटून असतं. साध्या पाण्यानं सुटं मीठ वाहून जातं, चिकटलेलं तसंच राहतं. मग तुम्ही खतातून कॅल्शियम, मॅग्नेशियम दिलंत की कोकोपीट ते स्वतः धरून ठेवतं आणि बदल्यात पोटॅशियम, सोडियम सोडतं. रोपाच्या वाट्याला कॅल्शियम कमीच येतं, आणि फळांच्या बुडाचे काळे चट्टे कॅल्शियम कमी पडल्याचेच. खालच्या, जुन्या पानांवरचा शिरांमधला पिवळेपणा हे मॅग्नेशियमच्या कमतरतेचं लक्षण आहे. रोप जुन्या पानांतलं मॅग्नेशियम काढून नव्या पानांना देतं. पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असता तर मी लोह आणि पीएच तपासा म्हटलं असतं.

म्हणून भरण्याआधी मी असं करतो: फुगलेलं कोकोपीट दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुतो, मग लिटरला दोन-तीन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवतो, सकाळी निथळवून पुन्हा एकदा धुतो. कंटाळवाणं काम आहे. पण पुढचे चार महिने त्यावरच उभे असतात.

आता खडी. पुढच्या वेळी ती घालू नका. तळाला खडी घातली की निचरा सुधारतो हा समज फार पक्का बसलाय, आणि तो चुकीचा आहे. बारीक कणांच्या थरातलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही. वरचा थर पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली पडतं. म्हणजे जो चिखल कुंडीच्या तळाशी राहिला असता तो तुम्ही दोन इंच वर, मुळांच्या जवळ आणून ठेवलात. घरी स्पंज असेल तर ओला करून आडवा धरा, ठिबकणं थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, फक्त उंची बदलली. कुंडीतही तसंच: तळाशी जो ओला थर राहतो त्याची जाडी कुंडीवर नाही, आत काय भरलंय त्यावर ठरते. बारीक भुसा, गाळ जितका जास्त तितका तो थर जाड. उथळ कुंडीत तर अर्धी कुंडीच त्यात जाते.

शेतात आपण वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, आल्याशिवाय पेरत नाही. कुंडीत मात्र पाणी भरपूर दिलं की झालं असं वाटतं. पांढरी मुळी, म्हणजे पाणी-अन्न ओढणारी कोवळी मुळं, हवेशिवाय चालत नाही. म्हणून ‘कशात जास्त अन्न आहे’ हा प्रश्न मी विचारतच नाही, ते खतातून देता येतं. मी विचारतो, पाणी घालून निथळल्यावर आत हवा किती उरते? हे मोजता येतं. कुंडीची भोकं बंद करा, वरपर्यंत पाणी भरा, तासाभरानं भोकं उघडून निघालेलं पाणी मोजा. वीस लिटरच्या कुंडीतून तीन ते चार लिटर निघायला हवं, म्हणजे पंधरा ते वीस टक्के हवा.

माझं मिश्रण: सात भाग वरीलप्रमाणे तयार केलेलं कोकोपीट, तीन भाग जाड परलाईट (उष्णतेनं फुलवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे, आत हवा राहावी म्हणून). बारीक परलाईट घेऊ नका, ते फटी बुजवतं. आणि पिशवी उघडल्यावर आधी पाणी शिंपडा, नाकाला रुमाल बांधा. त्याची कोरडी धूळ छातीत जाऊ देऊ नका.

बी_ते_बी

वरच्या सगळ्याला दुजोरा. बाकीच्या नावांबद्दल थोडं लिहितो.

व्हर्मिक्युलाईट (उष्णतेनं फुलवलेलं अभ्रकासारखं खनिज) पाणी आणि अन्नद्रव्यं दोन्ही धरतं, पण ओलं असताना दाबलं की चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. माझ्या मते ते बियांच्या ट्रेसाठी ठेवा, चार महिन्यांच्या टोमॅटोला नको. पीट, म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेलं शेवाळ, मुळात आंबट, पीएच चारच्या आसपास, त्यामुळे डोलोमाईटचा चुना मिसळावा लागतो. शिवाय एकदा पूर्ण सुकलं की पाणी शोषायलाच तयार होत नाही, कडेनं वाहून जातं. कॉर्नेल विद्यापीठानं 1960 च्या दशकात पीट आणि व्हर्मिक्युलाईट किंवा परलाईटची मिश्रणं पुढे आणली, तेव्हापासून जगभरच्या रोपवाटिका त्यावर चालतात, म्हणजे वस्तू वाईट नाही. पण दलदलीत पीटचा थर वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. माझ्या कुंडीसाठी तो खणला जावा हे मला पटत नाही.

ताई, गांडूळखत एक तृतीयांश फार झालं. ते बारीक असतं, खाली जाऊन बसतं. दहा टक्क्यांच्या वर मी जात नाही.

गच्चीवरची_वेल

दोघांचेही मनापासून आभार. मेलेल्या रोपाची कुंडी तशीच भरलेली होती, त्यात पाणी भरून मोजलं. जेमतेम सव्वा लिटर निघालं! मुळं तपकिरी, हाताला बुळबुळीत लागली.

मग बाकीच्या अकरांचं काय करू? फुलं-फळं लागली आहेत. मिश्रण बदलू का? आणि काळ्या चट्ट्यांसाठी कॅल्शियम फवारू का?

पांढरी_मुळी

सव्वा लिटर म्हणजे सहा टक्के. तेवढ्यात मुळं गुदमरणारच.

फळधारणेत कुंडी उकरू नका, उरलेली पांढरी मुळीही तुटेल. एक उपाय करून पाहा: नायलॉनच्या जाड दोरीचा तुकडा तळाच्या भोकातून चार-पाच इंच आत, वर भुशापर्यंत सरकवा आणि तेवढाच बाहेर लोंबू द्या. कुंडी विटांवर ठेवा म्हणजे दोरी जमिनीला टेकणार नाही. वातीसारखं ते तळाचं साठलेलं पाणी खाली ओढतं. खाली बशी असेल तर काढा.

संध्याकाळचं पाणी बंद. कोकोपीट वरून कोरडं दिसतं तेव्हाही बोटभर खाली ओलं असतं. कुंडी एका बाजूनं उचलून पाहा, हलकी लागली तरच पाणी, आणि द्याल तेव्हा थोडं खालून वाहून जाईल इतकं.

फवारणीचा फळाला फारसा उपयोग नाही. कॅल्शियम मुळांकडून पाण्यासोबतच वर चढतं, आणि फळातून पाणी कमी उडतं म्हणून त्याच्या वाट्याला शेवटी येतं. मुळं आजारी असली की तेवढंही पोचत नाही. लिटरला अर्धा-पाऊण ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट आठवड्यातून दोनदा मुळाशी द्या, मॅग्नेशियम सल्फेट वेगळ्या दिवशी. दोन्हीची दाट द्रावणं एकत्र करू नका, पांढरा साका बसतो. डाग पडलेली फळं तोडून टाका, ती सुधारत नाहीत. तिसऱ्या घोसाकडे लक्ष ठेवा आणि त्याची बुडं कशी येतात ते इथे नक्की कळवा.