घोडा, चाप, दस्ता… आणि बंदुकीचा 'नेम' धरायचा की नाही?

विचारणा

एका इंग्रज बंदूककारागिराने छर्‍याच्या बंदुकीची (शॉटगनची) दुरुस्ती, ती अंगाला बसवणं आणि चालवणं यांवर दिलेले सल्ले मराठीत आणतोय. काम क्रीडा नेमबाजांसाठी आहे. तीन ठिकाणी अडलोय.

ट्रिगरला घोडा म्हणायचं की चाप? शब्दकोश दोन्ही देतात, पेपरवाले तर एकाच बातमीत दोन्ही वापरतात.

लाकडी भागाला दस्ता म्हणू की कुंदा? शिवाय त्या लाकडाच्या गालाला टेकणार्‍या कडेला इंग्रजीत 'कोम' (म्हणजे कंगवा) म्हणतात. त्याचं 'फणी' केलं तर हसं होईल ना?

तिसरी अडचण खरी डोकेदुखी आहे. लेखक पुन्हापुन्हा बजावतो की रायफलने 'एम' करायचं असतं, शॉटगनने 'पॉइंट' करायचं असतं. मराठीत दोन्हीकडे मला 'नेम धरणे'च सुचतंय. 'नेम धरू नका, नेम धरा' असं तर लिहिता येत नाही!

प्रतिसाद, कुडाळहून

माझ्या मामांचं बंदूक दुरुस्तीचं परवानाधारक दुकान होतं. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका पुष्कळ. निवडणूक आली की त्या ठाण्यात जमा व्हायच्या, आणि निकाल लागून परत मिळाल्या की महिनाभर मामांना उसंत नसे. माझ्या मे महिन्याच्या सुट्ट्या त्या दुकानात गेल्या, म्हणून कारागिराच्या तोंडचे शब्द सांगतो.

बोट ज्यावर असतं तो चाप. चाप ओढल्यावर जो पडतो तो घोडा. जुन्या दुनळीला दोन घोडे बाहेरच असायचे, मान वाकवून उभे. अंगठ्याने मागे ओढून ठेवायचे, त्याला 'घोडे चढवणं' म्हणत. मग 1875 साली इंग्लंडात अँसन आणि डीली यांची रचना आली आणि घोडे नळीमागच्या यंत्राच्या पेटीत गेले. आमच्याकडे त्या बंदुकीचं नाव 'बिनघोड्याची'. घोडा दिसेनासा झाला, शब्द मात्र लोकांच्या तोंडी राहिला आणि जे दिसत होतं त्याला, म्हणजे चापाला, चिकटला असावा असा माझा अंदाज आहे. त्यामुळे गोष्टीत 'घोडा दाबला' चालेल, दुरुस्तीच्या पुस्तकात चालणार नाही. 'घोडा झिजलाय' आणि 'चाप झिजलाय' ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हींचं बिलही वेगळं.

एक गंमत. चाप म्हणजे संस्कृतात धनुष्य. घोड्यामागे जी ताणाची पट्टी असते तिला मामा 'कमान' म्हणत, घड्याळाची कमान म्हणतात तशी. कमान म्हणजे फारसीत पुन्हा धनुष्यच. बंदुकीने धनुष्याला रणातून हाकललं खरं, पण पेटी उघडून बघा, आत दोन धनुष्यं बसलेली आहेत.

प्रतिसाद, बेळगावहून

कुंदा नको हो. आमच्याकडे कुंदा म्हटलं की लोक वाटी पुढे करतील. दस्ताच लिहा. फारसी 'दस्त' म्हणजे हात, हातात धरायचा तो दस्ता. कागदाचा दस्ताही त्याच घरचा.

प्रतिसाद, मुंबईहून

इथे 'घोडा' म्हणजे अख्खं पिस्तूल, तेही बिनपरवान्याचं. तेव्हा क्रीडा नेमबाजांच्या पुस्तकात घोडा जपूनच वापरा.

प्रतिसाद, पुन्हा कुडाळहून

दस्ता बरोबर. मामा त्याचे भाग असे सांगत: चापामागे हात धरतो ती 'मूठ', गाल टेकतो ती 'गालाची जागा', खांद्याला लागतो तो 'बूड'. फणी कुणाच्याच तोंडी नव्हती. 'गालाची जागा' लिहा. वाचणार्‍याला लगेच कळेल की तिथे गाल ठेवायचा आहे, आणि निम्मं शिक्षण तेवढंच आहे.

अंगाला बसवण्याबद्दल थोडं सांगतो, कारण त्यावरच तुमचा तिसरा प्रश्न उभा आहे.

छर्‍याच्या बंदुकीला पुढे एक माशी असते (हो, पुढच्या मण्याला माशीच म्हणतात), पण रायफलसारखी मागची खाच नसते. मागची खाच म्हणजे तुमचा डोळा. डोळा रोज त्याच जागी यायला हवा, आणि तो आणून ठेवण्याचं काम दस्त्याचं. दस्ता लांब असला तर बगलेत अडकतो. आखूड असला तर अंगठा नाकावर येतो. गालाची जागा खाली गेली असेल तर नळी दिसावी म्हणून माणूस गाल उचलतो, आणि बार झाला की तीच जागा गालफडावर आदळते. लोक म्हणतात बंदूक लाथ मारते. मामा म्हणत, बंदूक नाही, माप मारतं.

चापापासून बुडाच्या मध्यापर्यंत साडेचौदा इंच हे विलायतेतलं सर्वसाधारण माप. दोन चाप असतील तर पुढच्यापासून मोजायचं. आमच्या भागातल्या बेताच्या उंचीच्या माणसाला ते बहुधा अर्धा-पाऊण इंच जास्तच होतं. आजोबाची बंदूक नातवाकडे आली की मामा आधी नातवाला उभा करत. दुकानात न्हाव्याकडून आणलेला एक जुना आरसा होता. बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं दाखवायचं, बंद करायची आणि आरशासमोर उभं राहायचं. डोळे मिटून खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. आरशात डोळ्याची बाहुली नळीच्या पाठीवर बरोबर मध्यभागी बसलेली दिसली तर माप जमलं. नळीने बाहुली झाकली तर गालाची जागा खाली आहे. बाहुली एका अंगाला गेली तर दस्ता तितका बाजूला वाकवायला हवा. उजव्या हाताच्या माणसाला सहसा थोडा उजवीकडे, पाव इंचाच्या आसपास. लाकूड गरम तेलाने शेकून शिकंजात हळूहळू वाकवतात, घाई केली तर मुठीपाशी चीर जाते.

मग फळी. सोळा यार्डांवर मोठी फळी, मध्ये ठिपका. ठिपक्याकडे बघत झटकन खांद्याला लावून बार काढायचा, नेम धरत बसायचं नाही. असे पाच-सहा बार. छर्‍यांचा घोळका ठिपक्यापासून जितके इंच सरकला तितके अर्धे सूत दस्त्यात फरक. सुतारकामातलं सूत माहीत असेल, इंचाचा आठवा भाग. अर्धा सूत म्हणजे सोळावा. हिशेब साधा आहे: डोळ्यापासून माशीपर्यंत सुमारे एक यार्ड, फळी सोळा यार्डांवर. डोळा अर्धा सूत हलला की फळीवर सोळापट, म्हणजे एक इंच. तुमच्या इंग्रज लेखकाकडे हे कोष्टक बहुतेक असेलच. तिथे 'एक षोडशांश इंच' लिहू नका, 'अर्धा सूत' लिहा.

विचारणाकर्ता

अर्धा सूत! हे कोष्टक आहेच, आणि मी षोडशांशच लिहून ठेवलं होतं. खोडतो.

पण नेमाचं काय?

प्रतिसाद, सातार्‍याहून

नेमाबद्दल माझे दोन पैसे. मराठीत निशाण साधण्याला दोन शब्द आहेत, नेम आणि शिस्त. 'शिस्त धरून गोळी घातली' हा प्रयोग जुन्या मराठीत आहे. फारसी 'शस्त' म्हणजे अंगठा, आणि धनुर्धर दोरी ओढताना अंगठ्यात घालतो ती अंगठीही. तिथून तो शब्द नेम या अर्थाला आला. म्हणजे वरच्या दोन धनुष्यांच्या जोडीला ही अंगठीपण घ्या.

आता बघा, आज शिस्त म्हणजे शाळेतली. आणि नेम म्हणजे नियम, नेमधर्म, नेमाने उठणं. ही दोन्ही टोकं मराठीने एकाच शब्दात बांधली आहेत. नेम धरायचा म्हणजे श्वास रोखून, हललं नाही पाहिजे, ठरल्याप्रमाणे. रायफलवाल्याला हे चपखल लागू. पॅरिसला 2024 मध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवणारे कोल्हापूर जिल्ह्यातले स्वप्निल कुसाळे अगदी शब्दशः नेमबाज. पण 2004 साली अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवणारे राज्यवर्धनसिंह राठोड? तिथे निशाणाच्या तबकड्या हवेत उडत असतात. त्यांनाही आपण नेमबाजच म्हटलं. भाषेने दोघांना एकाच बाकावर बसवलं.

मी 'रोखणे' सुचवतो. रोख म्हणजे दिशा: 'बोलण्याचा रोख कुणाकडे?' आपण बंदूक रोखतो तशी नजरही रोखतो. नजर रोखली की तिच्या मागोमाग बंदूक रोखली जाते, हेच तर तुमच्या लेखकाला म्हणायचंय ना?

प्रतिसाद, मुंबईहून

'पिस्तूल रोखून दागिने लुटले.' रोज वाचतो. रोखणेला दरोड्याचा वास येतो.

प्रतिसाद, कुडाळहून

दरोड्याचं सोडा, माझी अडचण वेगळी आहे. रोखणे म्हणजे थांबवणंही. आणि या बंदुकीचा पहिला नियम हाच, की ती थांबवायची नाही.

तबकडी ताशी साठ किलोमीटरने आडवी चालली आहे असं धरा. म्हणजे सेकंदाला साधारण सतरा मीटर. ती तीस मीटरवर आहे. छरे तिथवर पोचायला सेकंदाचा दहावा भाग घेतात. तेवढ्यात तबकडी पावणेदोन मीटर पुढे गेलेली असते, पुरुषभर अंतर. तबकडीवरच बार काढलात तर छरे तिच्या मागून जाणार. म्हणून मागून तिला गाठायचं, तिच्यातून पुढे जायचं, चाप ओढायचा आणि ओढल्यानंतरही बंदूक फिरती ठेवायची. नवशिका काय करतो? पुढे जातो, आणि 'बरोबर पुढे आहे ना?' म्हणून माशीकडे बघतो. डोळा तबकडीवरून माशीवर आला की हात थांबतो, झालं. म्हणजे चुकतो तो नेम धरल्यामुळेच.

मला मामांनी नकली काडतुसं घालून हे शिकवलं (रिकामा घोडा पाडत राहिलं की पिन तुटते, म्हणून नकली काडतुसं). अंगणाच्या पलीकडे मामांच्या दुसर्‍या भाच्याने दोरीला बांधलेली करवंटी झोकायची आणि मी तिच्यामागे नळी फिरवायची. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच म्हटलं, "तू बंदूक बघतंस, म्हणान चुकतंस. करवंटी बघ."

यात नेम हा शब्दच नव्हता, रोखही नव्हता. दुसर्‍या दिवशी त्यांनी माझ्या डाव्या हाताची तर्जनी नळीखाली सरळ लावायला सांगितली आणि म्हणाले, "बोट दाखय तिका."

आपण उडत्या विमानाकडे बोट दाखवतो तेव्हा बोटाकडे कुठे बघतो? तरी ते बरोबर जातं.

विचारणाकर्ता

मग असं वाक्य करतो: 'या बंदुकीने नेम धरू नका. उडत्या तबकडीकडे नजर ठेवा आणि बोट दाखवावं तशी नळी न्या.' चालेल?

प्रतिसाद, सातार्‍याहून

'न्या' आवडलं. त्यात थांबणं नाही. मी रोखणे मागे घेतो.

प्रतिसाद, बेळगावहून

वाक्य बरं आहे. आता दुसरंच विचारतो. 'बार भरणे' हा प्रयोग पुस्तकात येईल का? आमच्याकडे तो तंबाखूलाच उरलाय. लग्नाचा बार उडतो, आणि फुसका बार तर रोजचाच.

प्रतिसाद, कुडाळहून

बार भरणं ठासणीच्या बंदुकीचं. तोंडाकडून दारू घालायची, वर बोळा, मग छरे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचं. शेवटी मागे केप, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी. तंबाखूवाला चिमूट गालात ठासतो तेव्हा तेच करतो, फक्त केप लावत नाही. काडतूस आलं (तो शब्द पोर्तुगिजांचा) आणि भरणं संपलं, आता नुसतं घालायचं. तुमच्या पुस्तकात 'काडतूस घालणे' लिहा. 'बार काढणे' मात्र राहू द्या, ते अजून जिवंत आहे.

आणि काडतुसाचा विषय निघालाय तर एक गोष्ट मूळ लेखकाने लिहिली नसली तर तळटीप द्या. 'बारा बोर' हा आकडा उलटा चालतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत बसते ती बारा बोर, साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस बोर म्हणजे वीस गोळ्या, म्हणून नळी लहान. गावात लोक वीसला बारापेक्षा मोठी समजतात. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर ते आत सरकून अडकतं, दिसत नाही. माणूस रिकामी समजून बाराचं मागून घालतो. पुढे नळी फाटते.

नळी फाटायचं आमच्याकडचं दुसरं कारण कुंभारीण माशी. माळ्यावर ठेवलेल्या बंदुकीच्या तोंडात ती मातीचं घर बांधते. पावसाळ्यानंतर कुणीही बंदूक आणली की मामा आधी ती उघडून नळीतून उजेडाकडे बघत, मग माणसाशी बोलत.

विचारणाकर्ता

तळटीप घालतो. शेवटचा एक: लेखक म्हणतो बंदूक कपाटात तोंड खाली करून उभी ठेवा. हे मी नीट समजलोय ना? आपल्याकडे सगळे तोंड वर करून ठेवतात.

प्रतिसाद, कुडाळहून

नीट समजलात. तोंड वर असलं की पेटीतलं तेल हळूहळू उतरून दस्त्याच्या डोक्यात मुरतं. लाकूड काळं पडतं, मऊ होतं आणि मुठीपाशी तडकतं. मामांच्या दुकानातले निम्मे तडकलेले दस्ते तेलाने मेलेले असत. गिर्‍हाईक छातीठोकपणे सांगायचं, "दर आठवड्याला तेल घालतो हो."

'तोंड खाली' लिहा, पण तोंडाखाली कापडाची घडी ठेवायलाही सांगा. नाहीतर माशी ठेचते.