एकांतप्रार्थनेत मन टिकत नाही

प्रश्न (खानापूर): सर्वांना प्रभूमध्ये सलाम. शुक्रवारच्या प्रार्थनासभेत माझे मन सहज लागते. परंतु पहाटे एकटा शास्त्रपाठ उघडून बसलो की पाच मिनिटांतच दूधवाला, मुलांचे डबे आणि बेळगावची सव्वासातची बस डोक्यात फिरू लागते. सभेला जातो तेवढे पुरेसे मानावे का?

उत्तर (निपाणी): पुरेसे नाही, असे मला वाटते. बायबलमधील मार्ककृत शुभवर्तमानात (1:35) येशू अगदी पहाटे उठून अरण्यात प्रार्थनेला गेल्याचे आपण नेहमी ऐकतो; मात्र पुढच्याच दोन वचनांत शिष्य शिमोन व त्याचे सोबती त्याला शोधत येतात आणि सगळे आपला शोध करीत आहेत असे सांगतात, हे सहसा कोणी वाचून दाखवत नाही. व्यत्यय तिथेही आलाच होता! आपण बायबलमधले स्तोत्र 119 घ्यावे. त्यात 176 वचने असून प्रत्येकी आठ वचनांचे 22 भाग आहेत. रोज एकच भाग, तोही ओठ हलवून वाचावा. मी चुलीवर पाणी तापेपर्यंत तेवढेच करते.

उत्तर (बेळगाव): ताईंशी सहमत आहे. शेजारी एक वही ठेवा. डबा आठवला की त्यात ‘डबा’ लिहून पुन्हा वचनाकडे वळा. माझ्या वहीत बियाण्यांचा हिशेब आणि आजारी शेजाऱ्यासाठी केलेली विनंती एकाच पानावर आहेत.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. उद्या पहिल्या आठ वचनांपासून आरंभ करतो. वही मुलीकडून मागून घेतली आहे.