आल्या आल्या फॉर्म तोंडावर आपटायची एवढी घाई कशाला?

खडूस_वाचक

परवा इथेच "वेबसाइटवर पॉपअप कॉन्टॅक्ट फॉर्म नाही? मग ग्राहक गेलाच समजा" असा एक धागा आला. सल्ला काय, तर पान उघडल्यावर पाच सेकंदांत फॉर्म आपोआप यायला हवा, 'संपर्क' हे वेगळं पान उडवून टाका कारण तिकडे कोणी फिरकत नाही, आणि नाव, ईमेल, मोबाइल, कंपनी, बजेट सगळं पहिल्याच भेटीत विचारून घ्या. खाली "छान माहिती", "वाखुसा" (वाचनखूण साठवली) यांची रांग. तिथेच उत्तर लिहायला बसलो, पण ते मूळ लेखापेक्षा लांबायला लागलं, म्हणून हा वेगळा धागा.

पाच सेकंदांत मी तुमचं शीर्षकसुद्धा धड वाचलेलं नसतं. तुम्ही विकता काय हे कळायच्या आत "आम्ही आपली काय मदत करू शकतो?" या प्रश्नाला मी उत्तर काय द्यायचं? बाजूला व्हा, एवढीच मदत करा.

आणि हे काही माझं एकट्याचं खडूसपण नाही. सर्चमधून मोबाइलवर आलेल्या माणसापुढे मजकूर झाकणारा पडदा टाकलात तर क्रमवारीत खाली जाऊ शकता, हे गूगलनं २०१६ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं आणि १० जानेवारी २०१७ पासून लागू केलं. म्हणजे एका हातानं एसइओवाल्याला, म्हणजे सर्चमध्ये साइट वर आणून देणाऱ्याला, पैसे द्यायचे आणि दुसऱ्या हातानं पाच सेकंदांचा पॉपअप लावायचा!

'संपर्क' पान उडवा हा सल्ला तर कहर आहे. त्या पानाला स्वतःचा पत्ता असतो. तो कोणाला पाठवता येतो, स्क्रिप्ट (पानातला कोड) अडकली तरी पान उघडतं, मागे जायचं बटण नेहमीसारखं चालतं. पॉपअप उघडा असताना सवयीनं फोनवर 'मागे' दाबा, बहुतेक ठिकाणी फॉर्म बंद व्हायच्या ऐवजी अख्खी साइटच हातातून जाते.

मी मागितल्यावर, म्हणजे बटण दाबल्यावर, फॉर्म उघडा. तेव्हा पॉपअप असला तरी चालेल. पण ते पान जागेवर पाहिजे.

मार्केटिंगचा_हमाल

तो धागा माझाच. नाव न घेता टोमणे मारण्यापेक्षा तिथे लिहिलं असतं तर बरं झालं असतं. असो.

खडूसराव, तुम्ही गिऱ्हाईक नाही. तुम्ही वेबसाइटवर जाऊन आधी दोष शोधणारे गृहस्थ आहात. सामान्य माणूस मेनूत जाऊन 'संपर्क' शोधत बसत नाही. वाचता वाचता त्याच्या मनात शंका आली की त्याच क्षणी विचारायची सोय हवी. पॉपअपमध्ये तो आहे तिथेच राहतो, वाचलेली जागा हरवत नाही. आणि तो कोणत्या पानावरून विचारतोय हे लपवलेल्या रकान्यातून आम्हाला कळतं, म्हणजे "कशाबद्दल विचारत होतात?" हा पहिला फोन वाचतो. तुमच्या त्या पवित्र 'संपर्क' पानावरून येणारं पत्र असतं: "किंमत सांगा." कशाची? देव जाणे.

एका क्लायंटकडे पॉपअप लावला आणि महिन्याभरात चौकश्या दुपटीच्या वर गेल्या. मी डोळ्यांनी पाहिलंय.

तिरपागडा

चौकश्या दुप्पट, की 'asdf' चं देवनागरी रूप दुप्पट? फॉर्म घालवायचा म्हणून 'कखग' नाव आणि दहा वेळा ९ असा नंबर टाकून पुढे जाणारे किती, ते पण डोळ्यांनी पाहिलं असेलच.

मार्केटिंगचा_हमाल

काही असतात तसे. म्हणून चांगलेही सोडायचे का?

बिनचेहऱ्याचा

नंबराचा विषय निघालाच आहे तर. मोबाइल नंबर सक्तीचा का असतो हो? एका ठिकाणी मी फक्त एवढंच विचारलं होतं की हा भाग जुन्या मॉडेलला बसतो का. हो किंवा नाही, इतकंच उत्तर. ते आजतागायत आलेलं नाही. फोन मात्र कर्जापासून विम्यापर्यंत सगळ्यांचे आले. प्रश्न ईमेलवर विचारलाय, उत्तर ईमेलवर द्या ना! फॉर्म पॉपअपमध्ये उघडो नाहीतर पाताळात, तो सक्तीचा लाल तारा आधी काढा.

मार्केटिंगचा_हमाल

नंबर विकणारे चोर असतील, आम्ही विकत नाही. आणि ईमेलला उत्तर दिलं तर लोक वाचत नाहीत हो. फोनवर दोन मिनिटांत काम होतं. फुकट माहिती हवी पण नंबर द्यायचा नाही, ही वृत्ती आपली.

बिनचेहऱ्याचा

वृत्ती?? गिऱ्हाईक होऊ पाहणाऱ्याला तुम्ही भिकारी म्हणताय, एवढं तरी कळतंय का? तुमच्यासारख्यांमुळेच लोक दहा वेळा ९ टाकतात.

हाताने_कोड

व्यक्तिगत नको. नंबराचा वेगळा धागा काढा.

मूळ मुद्द्यावर: दोघंही 'पॉपअप' म्हणताय पण दोन वेगळ्या वस्तूंबद्दल भांडताय. आपोआप उघडणारा पॉपअप हा जाहिरातीच्या खिडकीचा वारस. ती खिडकी नव्वदच्या दशकात ट्रायपॉडमध्ये, म्हणजे लोकांना फुकट वेबपानं देणाऱ्या कंपनीत, जन्मली. एका अश्लील पानाला आपली जाहिरात चिकटली म्हणून एक मोटार कंपनी भडकली, तेव्हा जाहिरात वेगळ्या खिडकीत टाकायचा कोड तिथल्या ईथन झुकरमन यांनी लिहिला. २०१४ मध्ये त्यांनी त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. ब्राउझरांनी त्या खिडक्या अडवायला सुरुवात केल्यावर मंडळी पानाच्या आतच पडदे टाकायला लागली, कारण ते ब्राउझरला अडवता येत नाहीत.

बटण दाबल्यावर उघडणारा फॉर्म ही निराळी गोष्ट आहे. त्यासाठी आता प्लगिनचीसुद्धा (साइटला वरून जोडायच्या तयार कोडची) गरज नाही. एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपान ज्या भाषेत लिहितात तिच्यात, 'डायलॉग' हा घटक आहे, मार्च २०२२ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो. तो उघडायची 'शो-मोडल' ही आज्ञा दिली की मागचं पान आपोआप निष्क्रिय होतं, एस्केप दाबलं की बंद होतो, बंद झाल्यावर फोकस (कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) परत त्याच बटणावर जातो. एवढं फुकट मिळत असताना लोक अजून डिव्हवर डिव्ह (नुसते रिकामे चौकोन) रचून जाडजूड स्क्रिप्ट का लादतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

कानांनी_वाचतो

हाताने_कोड यांना अनेक वेळा +१.

मी स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून ऐकवणारा प्रोग्राम, वापरतो. आपोआप उघडणारा पॉपअप माझ्याकडे कसा येतो सांगतो. मी तिसरा परिच्छेद ऐकत असतो आणि वाक्याच्या मध्येच "नाव, आवश्यक, संपादन" असं कानावर पडतं. फोकस पळवलेला असतो. नाहीतर उलटं: पडदा आलाय हे मला कळतच नाही, मी मागचंच पान ऐकत राहतो आणि एंटर दाबलं तर काही होत नाही. बंद करायचं बटण शोधावं तर क्रॉसच्या जागी गुणाकाराचं चिन्ह टाकलेलं, ते मला "टाइम्स, बटण" असं ऐकू येतं. कधी कधी ते बटणही नसतं, नुसतं चित्र असतं, टॅब तिथे थांबतच नाही. कीबोर्डनं आत शिरता येतं पण बाहेर पडता येत नाही अशी जागा ठेवू नका, हा डब्ल्यूसीएजीच्या (वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात यासाठीच्या नियमावलीच्या) अगदी खालच्या पातळीचा नियम आहे, फार वरचं काही मागत नाही मी.

मार्केटिंगचा_हमाल

हे माझ्या डोक्यात नव्हतं. पण तो दोष प्लगिनवाल्याचा, कल्पनेचा नाही.

निवांत_निरर्थक

माझं दुःख वेगळंच. एका सेवेबद्दल तक्रार करायची होती, फोनवरून. फॉर्म पॉपअपमध्ये. रकान्यात बोट टेकवलं की सफारी अख्खं पान मोठं करतं (अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवली की होतं असं), क्रॉस स्क्रीनच्या बाहेर. खालून कीबोर्ड अर्धी स्क्रीन खातो, 'पाठवा' बटण त्याच्या पोटात. सरकवायला गेलं तर फॉर्म हलत नाही, मागचं पान हलतं. तरी तारखावार, मुद्देसूद, दात ओठ खात सगळं लिहिलं. कीबोर्ड घालवायला म्हणून बाजूच्या काळ्या भागावर बोट लागलं... फॉर्म गायब. परत उघडला तर कोरा करकरीत. तक्रारीचा मूळ विषय राहिला बाजूला, मला त्या फॉर्मचीच तक्रार करायची होती. कुठे करणार? त्याच फॉर्ममध्ये.

हाताने_कोड

बाहेर टिचकी मारली की बंद, हे डायलॉगमध्ये आपसूक येत नाही. लोक हौसेनं जोडतात. एकही अक्षर लिहिलेलं असेल तर बाहेरच्या टिचकीनं बंद करू नये, आणि केलंच तर लिहिलेलं जपून ठेवावं. अवघड काही नाही यात.

स्वतःचा_धंदा

मी ना मार्केटिंगवाली ना कोडवाली. माझी छोटी साइट आहे, फॉर्म आहे, बटण दाबल्यावर उघडतो. तुमचं सगळं भांडण वाचलं. माझा प्रश्न: फॉर्म उघडतो, लोक भरतात, "धन्यवाद, लवकरच संपर्क साधू" असा हिरवा संदेशही येतो. आणि मला मेलच येत नाही! एका जुन्या ग्राहकानं फोन करून झापलं तेव्हा कळलं. म्हणजे सगळेच अडकतात असं नाही, काही येतात, काही येत नाहीत. हे कसं?

हाताने_कोड

फॉर्मच्या सेटिंगमध्ये 'प्रेषक' या जागी भरणाऱ्याचा ईमेल टाकलाय का?

स्वतःचा_धंदा

हो. ज्यानं साइट करून दिली त्यानंच तसं ठेवलंय. म्हणजे उत्तर थेट त्याला देता येतं.

हाताने_कोड

तिथेच घोळ आहे. ग्राहकाचा पत्ता याहूचा, पण मेल निघतो तुमच्या सर्व्हरवरून. घेणाऱ्याच्या दृष्टीनं हा तोतया. याहूनं एप्रिल २०१४ मध्येच डीमार्कमधून (आपल्या नावानं आलेल्या तोतया मेलचं काय करायचं हे सांगायची सोय) जगाला सांगून ठेवलंय की आमच्या नावानं दुसरीकडून आलेलं पत्र नाकारा. सगळ्यांचं धोरण इतकं कडक नाही, म्हणून तुम्हाला काही येतात आणि काही हवेत विरतात. प्रेषक म्हणून तुमच्या स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, ग्राहकाचा पत्ता 'रिप्लाय-टू' (उत्तर कुठे जावं) मध्ये. उत्तर तरीही त्यालाच जाईल. डोमेनचं एसपीएफ आणि डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या खुणा) लावून घ्या, फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला त्यातलं एक तरी लागतंच. आणि प्रत्येक चौकशी डेटाबेसमध्येही साठवा. हिरवा संदेश म्हणजे मेल पोचला असं नव्हे, सर्व्हरनं तो पुढे ढकलला इतकंच.

तिरपागडा

एवढी यातायात करण्यापेक्षा पानावर सरळ ईमेल पत्ता लिहा की! फॉर्मच नको, पॉपअपच नको.

मार्केटिंगचा_हमाल

लिहा. पत्ते गोळा करत फिरणारे बॉट (आपोआप चालणारे प्रोग्राम) लवकरच तुमची इनबॉक्स भरून टाकतील. आणि त्या दुव्यावर टिचकी मारली की संगणकात कधीच न वापरलेला मेल प्रोग्राम उघडून "खातं जोडा" म्हणतो. गिऱ्हाईक तिथूनच परत.

तिरपागडा

फॉर्मवर बॉट येत नाहीत वाटतं?

स्वतःचा_धंदा

येतात ना. म्हणून साइट करून देणाऱ्या मुलानं माणसाला न दिसणारा एक लपवलेला रकाना टाकलाय. तो भरला की बॉट समजून फेकून द्यायचं.

कानांनी_वाचतो

तो रकाना नीट लपवला नसेल तर मला ऐकू येतो. मी तो भरतो. मग मी बॉट. हिरवा संदेश मलाही मिळतो.

हाताने_कोड

आणि त्याला 'फोन' किंवा 'वेबसाइट' असं नाव दिलं असेल तर ब्राउझरचं ऑटोफिल तो परस्पर भरून टाकतं. भरणाऱ्याला पत्ताच नसतो. मॅडम, नाव काय आहे त्या रकान्याचं?

स्वतःचा_धंदा

थांबा, विचारते.

खडूस_वाचक

धागा पॉपअपचा होता, आता मेल सर्व्हरची दुरुस्ती चालू आहे. चालू द्या. पण हमालसाहेबांनी अजून पाच सेकंदांवर उत्तर दिलेलं नाही. गूगलचा नियम सोयीस्कर विसरले.

मार्केटिंगचा_हमाल

विसरलो नाही. नियम पूर्ण वाचा, वाजवी जागा व्यापणारी आणि सहज बंद होणारी पट्टी त्यात चालते. शिवाय क्रमवारी ठरवणाऱ्या शेकडो गोष्टींपैकी ती एक. लगेच साइट बुडत नाही.

खडूस_वाचक

पट्टी चालते म्हणजे अख्खी स्क्रीन झाकणारा, बजेट विचारणारा फॉर्म चालतो? आणि बंद करायला "नको, मला धंदा वाढवायचा नाही" असं बटण? तुमच्याच धाग्यातल्या चित्रात होतं ते. माणसाला लाजवून होकार काढायचा.

मार्केटिंगचा_हमाल

ते चित्र उदाहरणादाखल होतं. बरं, घ्या: आपोआप उघडणं मोबाइलवर बंद करतो. एकदा बंद केलेला फॉर्म त्याच माणसाला पुन्हा दाखवणार नाही. 'संपर्क' पानही ठेवतो, तुमच्या समाधानासाठी. डेस्कटॉपवर मात्र माणूस निघायला लागला, माउस वर गेला की दाखवणार. आणि मोबाइल नंबर सक्तीचाच राहील, त्यात तडजोड नाही.

बिनचेहऱ्याचा

राहू द्या. आमच्याकडे दहा वेळा ९ कायम तयार आहे.

खडूस_वाचक

माउस वर जातो तो बहुतेक वेळा दुसऱ्या टॅबकडे. पण ठीक आहे, अर्धा माणूस सुधारला. अभिनंदन.

स्वतःचा_धंदा

विचारलं. रकान्याचं नाव 'फोन-२' आहे. 😐 गेल्या वर्षभरातल्या चौकश्या कुठे साठवल्यात का, तर म्हणे नाही. आता त्याला काय सांगू?

हाताने_कोड

आधी प्रेषक बदलायला सांगा, मग त्या रकान्याचं नाव आणि त्याचं ऑटोफिल बंद. टॅबच्या ओळीतून तो बाहेर काढायला आणि स्क्रीन रीडरपासून लपवायलाही सांगा. झालं की याहूच्या पत्त्यावरून स्वतः एक चौकशी पाठवून बघा.

कानांनी_वाचतो

आणि दुवा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी एकदा टॅबनं फिरून बघतो.