विमान बिघडलं की बातमी बिघडली?

तळटीप:
गेल्या महिन्यातली गोष्ट. विमानाचं दार लागलं आणि वैमानिकाने सांगितलं, "किरकोळ तांत्रिक अडचण आहे, अर्धा तास लागेल." शेजारच्या ताईंनी तेवढ्यात मोबाईलवर त्या कंपनीच्या बिघाडांच्या बातम्या शोधल्या आणि मला एकेक वाचून दाखवल्या. विमान उशिरा का होईना, उडालं आणि नीट उतरलं. त्या मात्र उतरेपर्यंत खुर्चीचे हात घट्ट धरून होत्या.

माझं म्हणणं, ही भीती माध्यमांनी पेरलेली आहे. मार्च २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून ओसाकाला निघालेल्या युनायटेड एअरलाइन्सच्या बोईंग ७७७ विमानाचं एक चाक उड्डाण होताच गळून पडलं. खाली उभ्या असलेल्या गाड्या चेपल्या, विमान लॉस एंजेलिसला सुखरूप उतरलं. याची बातमी व्हायलाच हवी. पण त्यानंतर काही आठवडे त्या कंपनीचं विमान नुसतं माघारी फिरलं तरी मथळा! अहो, शंका आली म्हणून विमान माघारी येतं, तेव्हा यंत्रणा आपलं काम करत असते. आपण तेही अपघाताच्या खात्यात मांडतो.

वाकडी वाट:
असहमत. बोईंगचं ७३७ मॅक्स विमान विसरलात? ऑक्टोबर २०१८ मध्ये लायन एअरचं, मार्च २०१९ मध्ये इथियोपियन एअरलाइन्सचं कोसळलं, मिळून ३४६ माणसं गेली. विमानाचं नाक आपोआप खाली ढकलणाऱ्या त्यातल्या एमकॅस प्रणालीची सुरक्षा तपासणी किती तोकडी होती हे सिॲटल टाइम्सने १७ मार्च २०१९ ला छापलं. त्याबद्दलचे प्रश्न या वृत्तपत्राने बोईंगला आणि एफएए या अमेरिकी विमान नियामकाला दुसऱ्या अपघाताच्या आधीच पाठवले होते. म्हणजे नियामकाने जे शोधायचं ते बातमीदार शोधत होता. चीनने ११ मार्चला ही विमानं थांबवली, अमेरिकेने १३ ला. मधल्या दोन दिवसांत "घाबरू नका" कोण म्हणत होतं?

शेवटची रांग:
वाकडी वाट यांना +१. "घाबरू नका" ऐकलं की मला आधी घाम फुटतो.

जुना मेकॅनिक:
हँगरमध्ये पुष्कळ रात्री काढल्यात, म्हणून लिहितो. दोघंही भलतीकडे बघताय.

एकही स्नॅग, म्हणजे बारीकसारीक बिघाड, नसलेलं विमान क्वचितच उडतं. काय बंद असताना उडता येतं आणि किती दिवस, याची एमईएल नावाची यादी असते. काही गोष्टींना ३ दिवस, काहींना १०, काहींना १२०. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीच्या वहीत, नोंद, सही, मुदत. बाहेरच्याला ऐकून धडकी भरते, पण हे सगळं नियमातलं. (पार्ट नेमका मुदतीच्या शेवटच्या दिवशी यायचा, ते सोडा.)

जीव घेणाऱ्या गोष्टी बहुतेकदा लॉगमध्ये नसतातच. जपान एअरलाइन्स १२३ घ्या. १९७८ साली त्या विमानाचं शेपूट धावपट्टीला घासलं आणि मागच्या प्रेशर बल्कहेडची (केबिनमधला हवेचा दाब अडवणाऱ्या भिंतीची) दुरुस्ती झाली, पण चुकीची. जिथे रिव्हेटांच्या दोन रांगांनी भार घ्यायचा, तिथे तो एकाच रांगेवर आला. तसंच ते सात वर्षं उडलं. १२ ऑगस्ट १९८५ ला ती भिंत फाटली, विमान कोसळलं, ५२० माणसं गेली, ४ वाचली. त्या सात वर्षांत चॅनेलवाल्यांना दाखवायला काही होतंच कुठे?

किंवा ब्रिटिश एअरवेज ५३९०, जून १९९०. रात्रपाळीत कॉकपिटची काच बदलली, नवे बोल्ट जुन्याशी नुसते नजरेने जुळवले. ९० पैकी ८४ किंचित बारीक निघाले. हवेत काच गेली, कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले म्हणून वाचला. काम करणारा कामचुकार नव्हता बरं का. पाळीत माणसं कमी, म्हणून शिफ्ट मॅनेजरनेच ते अंगावर घेतलं होतं.

शेवटची रांग:
मेकॅनिककाका, तुम्ही धीर द्यायला आलात की होता नव्हता तोही काढून घ्यायला? पुढच्या आठवड्यात प्रवास आहे माझा.

तळटीप:
मग गाडीने जाणार का? ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत बऱ्याच लोकांनी तेच केलं. गेर्ड गिगेरेन्झर या मानसशास्त्रज्ञाने हिशोब मांडलाय: पुढच्या वर्षभरात रस्त्यांवर सुमारे १,५०० मृत्यू जास्तीचे.

वाकडी वाट:
ती भीती अपहरणाची होती, नटबोल्टांची नव्हे. आणि "रस्त्यावर जास्त मरतात" हे काय देखभालीबद्दलचं उत्तर झालं? जानेवारी २०२४ मधलं अलास्का एअरलाइन्सचं मॅक्स ९ बघा, हवेत डोअर प्लग, म्हणजे न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा भाग, उडून गेला. आधीच्या तीन उड्डाणांत प्रेशरायझेशनचा (केबिनमधल्या हवेच्या दाबाचा) इशारा देणारा दिवा लागला होता. तरी उडवलंच ना?

जुना मेकॅनिक:
उडवलं, पण समुद्रावरच्या लांब मार्गांवर न्यायचं नाही असं कंपनीनेच ठरवलं होतं. एनटीएसबीला, म्हणजे अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी संस्थेला, त्या दिव्याचा आणि प्लगचा संबंध आढळला नाही. सगळे दिव्यामागे धावले आणि खरी गोष्ट त्याहून वाईट निघाली. कारखान्यात प्लग उघडला, परत लावताना चार बोल्ट बसवलेच नाहीत, आणि उघडल्याची नोंदही सापडली नाही. विमान कंपनीकडे येऊन तीन महिनेही झाले नव्हते.

म्हणून सांगतो, नोंदलेल्या स्नॅगचं मला भय नाही. उद्या प्रत्येक नोंदीचा मथळा व्हायला लागला तर पोरं लिहायचीच थांबतील. अमेरिकेत चुका गोपनीयपणे कळवायची व्यवस्था १९७६ पासून नासा चालवते, नियामक नाही. ती याचसाठी.

वाकडी वाट:
माणसाचं नाव झाका की, बिघाड कशाला झाकता? "किरकोळ तांत्रिक अडचण" याच्याइतकं पोकळ वाक्य नाही. पंप बिघडलाय की दिवा, एवढं सांगितलं तर कोण पळून जाणार आहे? दार तर लावलेलं असतं. तळटीप, तुमच्या त्या विमानात नेमकं काय झालं होतं?

तळटीप:
माहीत नाही. उतरताना विचारणार होतो, पण रांग पुढे सरकली.