केबिनमध्ये तिघं आणि टेबलावर एक स्पीकरफोन (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

*सोमवार, रात्री*

सी ५०४ : नमस्कार मंडळी. विषय सोसायटीचा नाही, पण ग्रुपवर माहीतगार लोक आहेत म्हणून विचारते. आमचं भोसरीत मशीन शॉप आहे. जर्मनीच्या एका कस्टमरबरोबर दर मंगळवारी आणि गुरुवारी कॉल असतो. आमच्याकडून मी, प्रॉडक्शनचे साहेब आणि क्वालिटीची मुलगी असे तिघं केबिनमध्ये बसतो. लॅपटॉपचा आवाज पुरत नाही आणि आमचं बोलणंही त्यांना नीट जात नाही. टेबलावर ठेवता येईल, बॅगेत टाकून नेता येईल असा कॉन्फरन्सचा स्पीकरफोन घ्यायचाय. कोणी वापरलाय का?

सी ५०४ : घाई का करतेय तेही सांगते. गेल्या गुरुवारी ते "फिफ्टीन मायक्रॉन" (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) म्हणाले आणि आम्ही तिघांनीही "फिफ्टी" ऐकलं. कॉलमध्ये काय ठरलं त्याचं टिपण (मिनिट्स) पाठवल्यावर त्यांनी दुरुस्ती केली, नाहीतर अख्खा लॉट रिजेक्ट झाला असता. तेव्हापासून प्रत्येक कॉलला पोटात गोळा येतो.

सी १०१ : बापरे. १५ आणि ५० म्हणजे केवढा फरक 😟

बी ८०१ : ताई, सध्या नुसता लॅपटॉप वापरताय का?

सी ५०४ : लॅपटॉप, आणि मध्ये घरचा गाण्यांचा ब्लूटूथ स्पीकर नेऊन बघितला. गाणी छान वाजतात हो त्यावर. कॉल लावला की मात्र विहिरीतून बोलल्यासारखं येतं. बिघडलाय का?

बी ८०१ : नाही बिघडला. गाणी एकाच दिशेनं जातात, लॅपटॉपकडून स्पीकरकडे. कॉलमध्ये त्याच वायरलेस जोडणीतून माइकचा आवाज परतही आणायचा असतो, म्हणून ब्लूटूथ दुसऱ्या, हलक्या पद्धतीवर जातं. सीडीच्या गाण्यात आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने (मोजमापं) घेतलेले असतात, जितके कमी तितका आवाज दबका. कॉलच्या पद्धतीत जुन्या उपकरणांत ८,००० आणि नव्यांतल्या बहुतेकांत १६,०००. शिवाय गाण्याच्या स्पीकरमधला माइक एकट्या माणसानं जवळून बोलावं एवढ्यासाठीच असतो.

ए ६०३ : माझ्याकडे अँकरचा पॉवरकॉन्फ आहे, फिरतीवर नेतो. गोल तबकडी, ६ माइक. चांगला आहे, डोळे झाकून घ्या.

ए २०२ काका : डोळे झाकून काही घेऊ नका. ताई, आधी मला सांगा, केबिन केवढी? भिंती कशाच्या? बाहेर काय चालू असतं?

सी ५०४ : काका, १० बाय १२. दोन बाजूंना काच, खाली टाइल्स, टेबल सनमायकाचं. मागच्या भिंतीपलीकडे कंप्रेसर. कॉल साडेबाराला असतो कारण तिकडे तेव्हा सकाळचे ९ वाजतात. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ बदललं की आमचा दीड. दोन्ही वेळा शॉप पूर्ण चालू.

डी ३०५ : डी विंगच्या गेटसमोर पांढरी गाडी कोणाची आहे? टेम्पो अडकलाय.

बी ४०४ : आलो, काढतो.

ए २०२ काका : ताई, सविस्तर लिहितो, वाचायला वेळ काढा. मी ३४ वर्षं टेलिफोन खात्यात काढली, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

तुमचा खरा प्रश्न मशीनचा नंतर, खोलीचा आधी. काच, टाइल्स आणि सनमायका आवाज शोषत नाहीत, परत फेकतात. "फिफ्टीन"मधला शेवटचा "न" हळू असतो. आधीच्या अक्षरांचा आवाज खोलीत घुमत राहतो आणि त्याखाली तो "न" गाडला जातो. मग उरतं काय? "फिफ्टी". तुमच्या तिघांच्याही कानांचा दोष नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. माइकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनं उतरतो. अर्ध्या मीटरवरून बोलणारा माणूस २ मीटरवर जाऊन बसला तर १२ डेसिबल गेले, म्हणजे माइकपर्यंत आवाजाची ताकद सोळाव्या हिश्शानंच पोचते. कंप्रेसरचा आवाज आणि खोलीतलं घुमणं मात्र जेवढ्यास तेवढंच. मग मशीन आवाज वाढवतं आणि त्याबरोबर कंप्रेसरही वाढतो. यावर कितीही महागाच्या मशीनकडे पुरता उपाय नाही. म्हणून मशीन मध्ये आणि तिघं त्याच्याभोवती, प्रत्येक जण एका हाताच्या अंतरावर. साहेब खुर्ची मागे टेकून बोलत असतील तर त्यांना पुढे सरकायला सांगा.

सी ५०४ : काका, साहेब अगदी तसेच बसतात. तुम्हाला कसं कळलं?

ए २०२ काका : सगळे साहेब तसेच बसतात.

बी ८०१ : काका, इकोचंही (प्रतिध्वनीचंही) सांगा. ताई, त्यांना त्यांचाच आवाज परत ऐकू येतो का?

सी ५०४ : हो, दर कॉलला एकदा तरी म्हणतात. आम्ही त्यांनाच इंटरनेट तपासायला सांगतो.

ए २०२ काका : तिथेच गफलत होतेय. त्यांना स्वतःचा आवाज परत ऐकू येत असेल तर दोष तुमच्या टोकाला असतो. तुमच्या स्पीकरमधून त्यांचा आवाज बाहेर पडतो, काचेवर आपटून तुमच्या माइकमध्ये शिरतो आणि परत जर्मनीला जातो. तुम्हाला तुमचा ऐकू आला तर दोष त्यांच्याकडे.

आमच्या काळी उपग्रहावरून परदेशी कॉल जायचे. आपल्याच जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला विक्रम भूकेंद्र आहे. उपग्रह ३६,००० किलोमीटर वर. आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागायचा, म्हणजे प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदानं कानावर यायचा. माणूस अडखळायचाच. त्यावर अमेरिकेच्या बेल लॅब्ज या टेलिफोन संशोधन संस्थेत १९६० च्या दशकात इलाज शोधला गेला. समोरून आलेला आवाज यंत्र लक्षात ठेवतं, त्याचा प्रतिध्वनी कसा येईल याचा सतत अंदाज बांधतं आणि परत जाणाऱ्या आवाजातून तेवढा भाग वजा करतं. त्या कामात भारतात जन्मलेले मनमोहन सोंधी यांचा मोठा वाटा होता, १९६७ साली त्यांचा निबंध छापून आला. आज तुमच्या टेबलावरची तबकडी हीच वजाबाकी करते. मला याचा फार अभिमान वाटतो.

बी २०१ आजी : छान समजावून सांगितलंत. मला मुलीशी बोलताना असंच दोनदा ऐकू येतं.

बी ८०१ : म्हणूनच स्पीकर एकाचा आणि माइक दुसऱ्याचा असं करू नका. आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. तबकडी लावतात, पण सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच राहतो. मग तबकडीतले माइक नुसतेच पडून आणि कीबोर्डची खडखड सगळ्यांना. मीटिंग ॲपमध्ये दोन्ही ठिकाणी एकच नाव दिसलं पाहिजे. आणि एका खोलीतून दोन लॅपटॉप कॉलला जोडले असतील तर एकाचा स्पीकर आणि माइक दोन्ही बंद, नाहीतर शिट्टी सुरू होते.

सी १०१ : मी एचआरमध्ये आहे, मुलाखती घेते. विंडोज १० वर एकाच ब्लूटूथची दोन नावं दिसायची, एक स्टिरिओ आणि एक हँड्सफ्री. कॉलला हँड्सफ्रीवालं घ्यायचं. मला हे कळायला दोन महिने लागले.

बी ८०१ : जमेल तेव्हा सरळ यूएसबी वायर लावा. ब्लूटूथ फोनसाठी ठेवा. लॅपटॉपला वायरलेसच हवं असेल तर सोबत डोंगल (लॅपटॉपच्या यूएसबीत खोचायचा छोटा तुकडा) मिळतो तो सेट घ्या.

*मंगळवार, सकाळी*

सी ५०४ : काल रात्री सगळं दोनदा वाचलं. मग आता नावं सांगा ना. आज दुपारी कॉल आहे, तो कसाबसा काढते.

बी ८०१ : मी जबराचा स्पीक ५१० बरीच वर्षं वापरतोय. एकट्याला किंवा तिघाचौघांना जवळ बसून पुरतो. वायर त्यालाच जोडलेली असते, खालच्या खाचेत गुंडाळायची. ती जुन्या चौकोनी यूएसबीची आहे, तुमचा लॅपटॉप नुसत्या टाइप-सीचा असेल तर कन्व्हर्टर लागेल. सेकंडहँड घेणार असाल तर ती वायर मुळापाशी वाकलीय का ते आधी बघा, कारण ती सुटी बदलता येत नाही. नवा घ्यायचा तर स्पीक२ ७५ बघा. त्यात ४ माइक आहेत आणि दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बोलता येतं. कोणाचा आवाज नीट पोचतोय ते त्याच्या कडेचा दिवा दाखवतो. साहेबांसाठी उपयोगी.

ए ६०३ : माझ्या पॉवरकॉन्फची बॅटरी ६,७०० एमएएचची, कंपनी २४ तास सांगते. अडीनडीला त्यावरून फोन चार्ज होतो. विमानात जाताना असलं काहीही चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा. लिथियम बॅटरी आहे.

सी ५०४ : धूळ, कुलंटचे (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे) शिंतोडे यांचं काय? आमच्याकडे कितीही पुसलं तरी असतंच.

बी ८०१ : मग पॉलीचा सिंक २० बघा. ३ माइक, आयपी ६४ आहे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचे शिंतोडे सोसतो. आणि घेताना खोक्यावर प्रकार वाचा, जबरात एमएस की यूसी, पॉलीत नावापुढे एम आहे की नाही. एमएस किंवा एम म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या मीटिंग ॲपसाठीचा, त्यावर सहसा टीम्सचं बटण असतं. कस्टमर टीम्सवर असेल तर तो घ्या. झूम किंवा इतर काही असेल तर यूसी किंवा साधा.

ए ६०३ : पॉलीवरून आठवलं. आमच्या जुन्या ऑफिसात तीन पायांचा मोठा कॉन्फरन्स फोन होता. तसा जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो, तो चालेल का?

ए २०२ काका : तो साउंडस्टेशन. पॉलीकॉमनं (तीच कंपनी पुढे पॉली झाली) १९९२ साली आणला आणि जगभरच्या मीटिंग रूममध्ये गेला. फार गुणी यंत्र. पण साधा साउंडस्टेशन टेलिफोनच्या लाइनला लागतो, लॅपटॉपला नाही. आणि टेलिफोनच्या लाइनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. "स", "फ" यांची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते. शब्द स्पष्ट कळायला तीही लागते. त्यामुळे नंबर डायल करून कॉलला जोडण्यापेक्षा इंटरनेटवरून जोडा.

सी १०१ : माइक ३ की ४ की ६, याला काही अर्थ आहे का काका?

ए २०२ काका : थोडा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. दोन माइकांत ७ सेंटिमीटरचं अंतर असेल तर एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला ०.२ मिलिसेकंद लागतात. त्या फरकावरून यंत्र ओळखतं की बोलणारा कुठल्या बाजूला आहे, आणि त्या बाजूचा आवाज उचलून धरतं. पण आकडा मोठा म्हणून यंत्र चांगलं असं नाही. वजाबाकी नीट करता येते का, ते महत्त्वाचं. ते खोक्यावर कळत नाही, करूनच बघावं लागतं. उपाय सोपा आहे. एकानं वरच्या मजल्यावर जाऊन कॉलवर १ ते ३० आकडे न थांबता म्हणायचे. खाली बसलेल्यानं मध्ये मध्ये "हो, हो, बरोबर" म्हणायचं. तुमच्या "हो"खाली आकडे गिळले गेले तर ते मशीन एका वेळी एकालाच बोलू देतं. परदेशी कस्टमर मध्येच "नो, नो" म्हणाला तर तुम्हाला ऐकूच जाणार नाही. असलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

ए ६०३ : ताई, माझा घेऊन जा दोन दिवस. बघा करून.

बी ८०१ : माझाही न्या. मी या आठवड्यात हेडसेटवर काम करतो.

सी ५०४ : खरंच? खूप खूप आभार. संध्याकाळी येते घ्यायला 🙏 शॉप फ्लोअरवर पार्ट दाखवतानाही वापरता येईल ना?

ए २०२ काका : तिथे नको. चालू मशीनशेजारी कुठलाही स्पीकरफोन हरतो. तिथे तोंडाजवळ दांडी येणारा हेडसेट लावा, एकानंच बोला. आणि ताई, एक जुनी सवय सांगतो. ट्रंक कॉल (बाहेरगावचे फोन) जोडून देणारे ऑपरेटर "फिफ्टीन" म्हणायचे नाहीत, "वन-फाइव्ह" म्हणायचे. आकडा सुटा सुटा. समोरच्यानं तो परत म्हणायचा.

*गुरुवार, दुपारी*

सी ५०४ : काका, दादा, कॉल आत्ताच संपला. काल संध्याकाळी काकांची १ ते ३० वाली परीक्षा घेतली, दोन्ही सेट पास झाले. पण आमच्या केबिनमध्ये दोन्हींवर घुमणं राहिलंच. मग ड्रॉइंग ठेवायची खोली आठवली. ती कंप्रेसरपासून लांब आहे, तीन भिंतींना फायलींची कपाटं, उघड्या फळ्या, कोपऱ्यात पुठ्ठ्याचे खोके. घरून एक जुनं सोलापुरी चादरीचं जाड पांघरूण नेऊन टेबलावर घातलं आणि त्यावर मशीन ठेवलं. साहेब पुढे सरकून बसले.

सी ५०४ : सगळा कॉल झाला, ४० मिनिटं, एकदाही "पार्डन" नाही. बोअरचा (पार्टमधल्या भोकाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, आला तेव्हा मी मिलिमीटरमध्ये "झीरो पॉइंट झीरो वन फाइव्ह" असं म्हणून दाखवलं. पुढच्या आकड्यापासून ते स्वतःच तसं सुटं सुटं म्हणायला लागले.

ए २०२ काका : शाब्बास! खोली बदललीत हे फार छान केलंत.

बी ८०१ : मस्त! मग घेताय कोणता?

सी ५०४ : धुळीमुळे आयपी ६४वाला मागवते, टीम्सचं बटण असलेला. आधी महिनाभर त्याच खोलीत वापरून बघायचा, नाही जमला तर परत करता येईल अशाच दुकानातून. मागच्या वेळी एका ठिकाणी ऑनलाइन घेतलेली वस्तू परत घेतलीच नव्हती, म्हणून या वेळी ते आधी विचारून घेतलंय. केबिनच्या काचेला जाड पडदेही सांगितलेत.

बी २०१ आजी : मलाही तसला एक लागेल का हो काका?

ए २०२ काका : आजी, तुम्ही एकट्याच बोलता, तुम्हाला फोनच पुरेल. तुम्हाला दोनदा ऐकू येतं म्हणजे बहुतेक मुलीच्या टोकाला स्पीकर मोठा आहे. तिला हेडफोन लावायला सांगा. संध्याकाळी मी येऊन बघतो.

सी ५०४ : दादा, तुमचे सेट वॉचमनकडे ठेवू की वर आणून देऊ?

ए ६०३ : वरच या. बायको म्हणतेय जेवूनच जा.