मदत हवी आहे : फिलिपिन्समध्ये केळीवर डॉक्युमेंटरी शूट करायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही जळगावचे मास कम्युनिकेशनचे विद्यार्थी. केळीच्या मर रोगावर डॉक्युमेंटरी करतोय. रावेर-यावलचं शूटिंग झालं, आता मिंदानाओ बेटावरच्या दावाओ भागात जायचंय. तिथल्या कॅव्हेंडिश या गटातल्या केळीच्या बागा मर रोगाच्या टीआर-४ नावाच्या बुरशीने पोखरल्या आहेत. खोड आडवं कापलं की आत तांबूस-तपकिरी ठिपक्यांचं कडं दिसतं, ते क्लोजअपमध्ये हवंच आहे. आपल्याकडेही बहुतेक लागवड कॅव्हेंडिश गटातल्याच वाणांची, आणि ही बुरशी बिहार-उत्तर प्रदेशात पोचलेली आहे. म्हणून आपल्या शेतकऱ्यांनी हे वेळेत बघावं असं मनापासून वाटतं.

माहिती अशी हवी आहे. टुरिस्ट व्हिसावर विद्यार्थ्यांना शूटिंग करता येतं का, की वेगळी परवानगी लागते? परत येताना ड्युटी लागू नये म्हणून निघतानाच कॅमेऱ्याचे सिरियल नंबर दाखवून कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं, हे माहीत आहे. मुंबई विमानतळावर त्याला किती वेळ धरावा? बॅटऱ्या शंभर वॉट-अवरच्या आतल्या आहेत, त्या हँडबॅगेतच ठेवू.

सगळ्यात मोठी अडचण दुभाष्याची. तिथले मजूर सेबुआनो बोलतात. दावाओत शिकणारं आपल्याकडचं कोणी ओळखीत आहे का? मेडिकलला बरीच भारतीय मुलं तिथे जातात.

आणखी एक, बागायतदार भाऊ-दादांना विचारायचंय. बुरशी बुटाच्या मातीतून पसरते. तिथून आल्यावर बूट, ट्रायपॉड नुसते धुऊन चालतील, की बूट तिथेच टाकून यावेत? आमच्यातल्या काहींच्या घरच्याच बागा आहेत, इथे धोका पत्करायचा नाही.