रिपोर्टमध्ये ठळक आकडा आला की लगेच गोळी? माझा विरोध आहे

नदीकाठ_पुणे

घरी येऊन रक्त नेणारी साठ-सत्तर चाचण्यांची पॅकेजं आता तालुक्याच्या गावांतही पोचली आहेत. काहीही तक्रार नसलेला माणूस सवलत आहे म्हणून ती करून घेतो, रिपोर्टमध्ये चार आकडे ठळक अक्षरांत येतात आणि महिनाभरात घरात दोन नव्या गोळ्या सुरू झालेल्या असतात. मला हे चूक वाटतं.

आकड्याशेजारची 'नॉर्मल रेंज' ठरते कशी? निरोगी दिसणारी माणसं निवडायची (किमान १२० असावीत असा संकेत आहे), त्यांचं रक्त तपासायचं आणि मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या दोन टोकांत बसतात ती टोकं छापायची. म्हणजे धडधाकट माणसांतलेच ५ टक्के हिशेबानेच बाहेर राहतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा बाहेर पडण्याची शक्यता ६४ टक्के. साठ चाचण्यांत असे सरासरी तीन आकडे. ते तीन ठळक दिसतात, आणि माणूस रात्रभर मोबाइलवर आजार शोधत बसतो.

थायरॉइडचंच घ्या. टीएसएच म्हणजे थायरॉइड ग्रंथीला कामाला लावणारं संप्रेरक. त्याची वरची मर्यादा बहुतेक ठिकाणी ४ ते ५ च्या आसपास छापतात. पण वयानुसार टीएसएच थोडा वाढतो, आणि एकाच दिवसात तो पहाटे जास्त, दुपारी कमी असतो. सत्तरीतल्या बाईंचा टीएसएच ६ आला आणि टी-४, म्हणजे खुद्द थायरॉइडचं संप्रेरक, व्यवस्थित असेल, तर गोळीने काही फरक पडतो का? युरोपात ६५ वर्षांवरच्या ७३७ लोकांवर हे तपासलं गेलं, २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले: खरी गोळी घेणारे आणि नुसती दिखाऊ गोळी घेणारे, दोन्ही गटांत थकवा आणि बाकीची लक्षणं सारखीच राहिली. तरी आपल्याकडे अशा कितीतरी आज्या रोज सकाळी उपाशीपोटी ती गोळी घेतात, जन्मभरासाठी.

दुसरं उदाहरण ड जीवनसत्त्वाचं. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१० मध्ये सांगितलं की रक्ताच्या दर मिलिलिटरला २० नॅनोग्रॅम जवळजवळ सगळ्यांना पुरतं. पुढच्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटीने, म्हणजे संप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने, ३० हवं म्हटलं. २० ते ३० मधली असंख्य माणसं त्या एका ओळीने 'कमी'च्या खान्यात गेली. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला आणि निरोगी प्रौढांची ही चाचणी सरसकट करू नका असंही सांगितलं. आपल्या कितीतरी रिपोर्टांवर ३० अजून तसंच आहे. आठवड्यातून एकदा घ्यायचं ६०,००० युनिटचं पाकीट कुणी गैरसमजाने रोज घेतं, रक्तातलं कॅल्शियम चढतं आणि मूत्रपिंडावर येतं.

म्हणून माझं मत: कारण नसताना पॅकेज करू नये, आणि एका आकड्यावर कायमची गोळी सुरू करू नये. विरोधी मतं जरूर लिहा.

मालती_सातारा

मी तुमच्या विरोधात आहे आणि ठामपणे आहे. तुमच्यासारख्यांना टीएसएच आणि टी-४ मधला फरक कळतो. बाकीचे एवढंच लक्षात ठेवतील की 'रिपोर्ट बाहेरचा आला तरी काही नसतं'. आधीच आपली माणसं तपासणी टाळायला कारण शोधत असतात.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये छापून आलेल्या पाहणीत देशात १० कोटींहून जास्त मधुमेही आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर निघाले. यातल्या किती जणांना काही 'तक्रार' असते? साखर २०० च्या पुढे जाईपर्यंत बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही. आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून टाकतं तो कचरा, तर मूत्रपिंडाचं निम्मं काम गेल्यावर मर्यादेबाहेर जायला लागतं. 'कारण' दिसेपर्यंत थांबलेला माणूस थेट डायलिसिसच्या दारात पोचतो. चार निरोगी माणसं घाबरली तरी चालतील, एक तरी वेळेत सापडू दे.

नदीकाठ_पुणे

मालतीताई, तुम्ही साखरेचं उदाहरण दिलंत, पण तो आकडा मी म्हणतो त्या जातीचा नाहीच. तीन महिन्यांच्या साखरेची, म्हणजे एचबीए१सीची, ६.५ ही रेषा निरोगी लोकांच्या ९५ टक्क्यांवरून काढलेली नाही. त्याच्या पुढे डोळ्यांच्या पडद्याला इजा वाढताना दिसते म्हणून ती तिथे आखली. कोलेस्टेरॉलचंही तेच. तिथे समाजातले ९५ टक्के काढले असते तर कितीतरी धोक्यातले लोक 'नॉर्मल' ठरले असते. अशा आकड्यांना मान द्यायलाच हवा. अडचण ही की रिपोर्टवर दोन्ही जातींचे आकडे एकाच रकान्यात, एकाच ठळक अक्षरात येतात. कुठला धोक्यावरून ठरला आणि कुठला नुसत्या गणितावरून, हे वाचणाऱ्याला कोण सांगणार?

बाकी 'चार घाबरले तरी चालतील' हे मला पटत नाही. घाबरलेल्या माणसाची पुढे सोनोग्राफी होते, सीटी स्कॅन होतो, कधी सुईने तुकडा काढतात. त्या प्रत्येक पायरीला पैसा आणि इजा दोन्ही आहेत.

सॅम्पलवाला_गडचिरोली

लॅबमध्ये काम करतो. तुमचा दोघांचाही वाद आकडा खरा आहे असं धरून चाललाय, म्हणून लिहितो.

आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार, पुष्कळ. एरवी लाल पेशी १२० दिवसांच्या आसपास जगते, सिकलसेलच्या रुग्णात ती १०-२० दिवसांत फुटते. एचबीए१सी मोजतो ती पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि इथे तिला चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे एचबीए१सी फसवा कमी येतो. मालतीताई, असा माणूस ५.४ चा रिपोर्ट घेऊन खुशीत घरी जातो आणि साखर मात्र वाढलेली असते. उलट लोहाची कमतरता असेल तर हाच आकडा खोटा वाढतो. अशा वेळी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर बघायची.

पोटॅशियम: दंडाला पट्टा फार वेळ आवळला, मूठ उघडझाप करायला लावली, नाहीतर नळी उन्हात दुचाकीवर फिरली, की पेशींतलं पोटॅशियम बाहेर येऊन आकडा चढतो. हृदयाच्या डॉक्टरांची धावपळ होते, दुसऱ्यांदा रक्त घेतलं की ४.२, म्हणजे नॉर्मल. केसांसाठी बायोटिनच्या (हे एक ब जीवनसत्त्व) गोळ्या घेणाऱ्यांचा टीएसएच काही यंत्रांवर खोटा कमी येतो. निदान दोन दिवस आधी ती गोळी थांबवावी, आणि घेतो हे रक्त काढणाऱ्याला सांगावं. कुणी सांगत नाही, आणि आमच्यातलेही विचारत नाहीत.

शेवंता

नदीकाठ, तुम्ही फक्त एक बाजू मांडता आहात: रेंजच्या बाहेर, तरी निरोगी. रेंजच्या आत असून आजारी असलेल्या बायकांचं काय?

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. अनेक लॅब बायकांसाठी खालची मर्यादा १०-१२ छापतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांत १५ च्या खाली साठा संपलेला असतो, आणि बरेच तज्ज्ञ ३० च्या खालीच उपचार सुरू करतात. मग १२ 'नॉर्मल' झाला कुठून? तुम्हीच सांगितलेल्या पद्धतीने! निरोगी दिसणाऱ्या बायका निवडल्या, ज्यांतल्या कितीतरी पाळीमुळे आणि अर्धपोटी जेवणामुळे आधीच रिकाम्या झालेल्या होत्या, आणि त्यांचा आकडा सगळ्यांची मोजपट्टी झाला. जिना चढताना धाप लागते, केस मूठभर गळतात, हिमोग्लोबिन १२.१, डॉक्टर म्हणतात सगळं नॉर्मल, विश्रांती घ्या. मी हे वर्षानुवर्षं ऐकलं आहे आणि मला त्याचा संताप येतो.

बी-१२ चंही बघा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या गटाने २००६ मध्ये गावातले, वस्तीतले आणि मध्यमवर्गीय पुरुष तपासले: ६७ टक्क्यांचं बी-१२ कमी. आता ही मर्यादाच आपल्याला लागू नाही म्हणायचं का? त्यांनी होमोसिस्टीनही मोजलं होतं, जे बी-१२ कमी पडलं की रक्तात साचतं. ते ५८ टक्क्यांत वाढलेलं होतं. म्हणजे शरीर खरोखर उपाशी होतं. तीनातल्या दोघांत आढळतं म्हणून एखादी गोष्ट ठीक ठरत नाही.

लेस्टरकर

ड जीवनसत्त्वाबद्दल थोडी भर. इथे इंग्लंडमध्ये एकक वेगळं, नॅनोमोल. ५० च्या वर असलं की पुरेसं म्हणतात. कोल्हापूरच्या रिपोर्टमधले २२ नॅनोग्रॅम म्हणजे इथले ५५. तेच रक्त तिथे 'अपुरं' आणि इथे 'पुरेसं'. परदेशातल्या मुलांनी आईवडिलांचे रिपोर्ट वाचताना आधी एकक बघावं. क्रिएटिनिनचा इथला ८८ आणि तिकडचा १.० एकच आहेत.

नदीकाठ_पुणे

शेवंता, फेरिटिनबद्दल तुमच्याशी सहमत, आणि ते माझ्या मुद्द्याला धरूनच आहे. तुम्हाला धाप लागत होती, म्हणजे तपासायला कारण होतं. तिथे आकडा नाही, बाईचं म्हणणं आधी ऐकायला हवं होतं. मी विरोध करतो तो कारणाशिवायच्या साठ चाचण्यांना.

मालती_सातारा

धाप लागते हे सांगायला बाईने आधी ती तक्रार आहे असं मानायला हवं ना? माझ्या आसपासच्या निम्म्या बायका थकव्याला तक्रार समजतच नाहीत.

साठ चाचण्यांचा आग्रह माझाही नाही. पण तीस ओलांडलेल्या प्रत्येकाने, काही होत असो वा नसो, साखर, रक्तदाब, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि लघवीतून जाणारं अल्ब्युमिन हे प्रथिन बघावं. साखर आणि रक्तदाब तर तीस वर्षांवरच्यांना सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासून मिळतो. बाहेरचा आकडा आला तर त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला पुन्हा करावा. टीएसएच असेल तर दोन-तीन महिन्यांनी.

नदीकाठ_पुणे

या यादीतलं क्रिएटिनिन धडधाकट तिशीतल्याला कशाला? साखर, रक्तदाब ठीक असेल आणि घरात मूत्रपिंडाचा आजार नसेल, तर मी ते करणार नाही.

मालती_सातारा

मी करणार. आणि माझ्या सुनेचंही करून घेणार, फेरिटिनसकट.